मूळचे आणि रुजलेले

'मूळचा' हा शब्द आपण फार सहज वापरतो. अमुक घराणे मूळचे या गावचे, तमुक झाड मूळचे या मातीतले, हा वाण मूळचा आपला आणि तो बाहेरचा. या शब्दात एक दावा दडलेला असतो आणि त्या दाव्यामागे बहुधा एक हक्कही उभा असतो: जो मूळचा, त्याचे येथे अधिक चालावे. वसईच्या ख्रिस्ती माणसाला या शब्दाची धार दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. जमिनीचा प्रश्न निघाला की आपण स्वतःस भूमिपुत्र म्हणवितो. धर्माचा प्रश्न निघाला की 'तुमचे हे मूळचे नव्हे' असे दुसरा कोणी आपणांस ऐकवितो. एकाच तोंडाने आपण हा शब्द उच्चारतो आणि त्याच शब्दाने दुखावलेही जातो. तेव्हा मूळचे असणे म्हणजे नेमके काय, आणि त्यातून माणसाला हक्क मिळतो की त्याच्यावर बंधन येते, याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते. जवळच्या उदाहरणात आपला स्वार्थ गुंतलेला असतो. म्हणून दूरच्या एका बेटावरील द्राक्षमळ्यांचा आधार आम्ही घेत आहोत.

अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या पश्चिमेस सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अझोर्स नावाचा नऊ बेटांचा समूह आहे. तो पोर्तुगालचा भाग आहे. ही बेटे आपल्या इतिहासाला अगदीच परकी नाहीत. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीज अंमलाखाली होती. त्या काळी गोव्याहून लिस्बनला परतणारी गलबते अखेरच्या टप्प्यात याच बेटांपाशी, विशेषतः तेर्सेइरा बेटावरील आंग्रा बंदरात, पाणी, अन्न आणि दुरुस्तीसाठी थांबत. गोव्याच्या आर्चबिशपांच्या चिटणिसाचे काम केलेला डच प्रवासी लिन्सखोटेन १५८९ साली परतीच्या वाटेवर तेर्सेइरात उतरला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिला. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात गोवाही आहे आणि अझोर्सही. त्या सत्तेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ज्या सागरी मार्गाने आपल्याकडे मिशनरी आले त्याच मार्गाच्या कडेला ही बेटे आहेत, एवढेच सांगावयाचे आहे.

या समूहातील पिको नावाच्या बेटावर त्याच नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याची उंची २३५१ मीटर असून संपूर्ण पोर्तुगालमध्ये त्याहून उंच शिखर नाही. पंधराव्या शतकात तेथे माणसे वस्तीला आली, तेव्हा किनाऱ्यालगत त्यांना माती अशी फारशी सापडलीच नाही. थिजलेल्या लाव्ह्याचे काळे कातळ समुद्रापर्यंत पसरले होते. गहू पेरावा तर नांगर कोठे घालावा हा प्रश्न. तेव्हा लोकांनी कातळाच्या भेगांत द्राक्षाच्या काड्या लावल्या. शेजारच्या फायाल बेटावरून होड्यांतून माती आणून ती भेगांत भरली, असेही सांगतात. समुद्राचा वारा आणि खारे तुषार यांपासून वेलींचे रक्षण व्हावे म्हणून कातळावरचे दगड गोळा करून, चुना वा माती न वापरता, त्यांनी भिंती रचल्या. अशा भिंतींनी वेढलेल्या लहानशा चौकोनाला तेथे 'कुराल' म्हणतात. एकेका कुरालात वेली अगदी थोड्या. काळा दगड दिवसा ऊन पितो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो. मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगतच पसरते आणि घड दगडावर टेकून पिकतात.

ज्वालामुखीने या लोकांना निवांतपणा दिला नाही. १५६२ साली, पुढे १७१८ आणि १७२० साली लाव्ह्याचे लोट वाहिले आणि कसलेली जमीन पुन्हा कातळ झाली. अशा नव्या लाव्ह्याच्या पट्ट्याला पिकोच्या लोकांनी एक नाव दिले: 'मिस्तेरियो', म्हणजे रहस्य. मिस्साबलीत आपण ज्या अर्थाने श्रद्धेचे रहस्य म्हणतो, त्याच्याच जवळचा हा शब्द. आपले मळे गिळणाऱ्या आगीला शाप न देता त्यांनी तिला रहस्य म्हटले, आणि निवल्यावर तिच्या दगडांतून पुन्हा भिंती रचल्या.

आता या वेलींचे मूळ पाहू. पिकोवर व्हर्देल्यो, आरिंतो दोस असोरेस आणि तेरांतेझ दो पिको हे तीन पांढरे वाण परंपरेने मानाचे मानले जातात. परंपरा सांगते की फ्राय पेद्रो जिगांते नावाच्या एका संन्याशाने पहिल्या वेली येथे लावल्या. ते अक्षरशः खरे असो वा नसो, एक गोष्ट निर्विवाद आहे की वेल होडीतून आली. माणूसही होडीतूनच आला. त्याच्या आधी या बेटावर कोणाची वस्ती नव्हती. म्हणजे आज ज्याला आपण पिकोचा 'मूळचा' वाण म्हणतो, त्याचे पूर्वजसुद्धा पाहुणेच. व्हर्देल्यो तर मादेइरा बेटावरही आहे. परंतु जनुकीय तपासणीतून असे दिसले आहे की आरिंतो आणि तेरांतेझ यांचे या व्हर्देल्योशी रक्ताचे नाते आहे. पाहुणा आला, राहिला, आणि त्याच्या गोतात असे वाण निर्माण झाले जे पूर्वी कोठेही नव्हते.

आमच्या मते पहिला धडा येथेच आहे. कोणत्याही गोष्टीचा माग पुरेसा मागे नेला की एक होडी लागते. आपली केळी, आपला नारळ, आपली भाषा, आपली श्रद्धा, यांपैकी प्रत्येकाच्या मागे कोठेतरी एक प्रवास आहे. तेव्हा 'आधी कोण आला' या कसोटीवर मूळपण ठरविणे म्हणजे वाळूवर रेघ ओढणे होय. मूळपण ठरते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या परस्पर उपकारांनी. वेलीने बेटाला अन्न दिले, बेटाने वेलीला ऊब दिली, माणसाने दोघांसाठी दगड वाहिले. या देवघेवीला पुरेसा काळ लोटला की पाहुणा घरचा होतो. आपली श्रद्धा जहाजातून आली असे कोणी म्हटले तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. ती आली हे खरे, आणि ती येथल्या ओव्यांत, येथल्या बोलीत, येथल्या शेतकऱ्याच्या प्रार्थनेत रुजली हेही तितकेच खरे.

परंतु ही कसोटी मान्य केली की लगेच एक अडचण उभी राहते, आणि पिकोचा पुढचा इतिहास ती आपल्यापुढे ठेवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिकोच्या द्राक्षारसाचा व्यापार भरभराटीचा होता. इंग्लंड, अमेरिका आणि रशियाच्या राजदरबारापर्यंत तो जात असे. १८५२ च्या सुमारास वेलीवर भुरीचा रोग आला आणि काही वर्षांतच मळे उजाड झाले. त्यानंतर मुळे खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड आली. हजारो कुटुंबांचे उत्पन्न संपले. पुष्कळ माणसे अमेरिकेला निघून गेली, काही देवमाशांच्या शिकारीत शिरली, आणि भिंतींच्या चौकोनांत झुडपे माजली. अशा वेळी लोकांनी इझाबेला नावाचा अमेरिकन संकरित वाण लावला. तो रोगाला दाद देत नव्हता, कमी राबणुकीत भरपूर फळ देत होता. त्याच्या द्राक्षारसाला स्ट्रॉबेरीसारखा वास येतो. म्हणून लोक त्याला 'व्हिन्यो द शैरो', म्हणजे सुवासाचा द्राक्षारस, म्हणू लागले. जाणकारांनी त्याला नाक मुरडले. पुढे युरोपीय नियमांनीही त्याच्या व्यापारावर बंधने घातली.

परंतु अझोर्सच्या साध्या माणसाने त्याचे काय केले? या बेटांवर पवित्र आत्म्याचा सण फार मोठा आहे. पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यांत, पेन्टेकॉस्ट आणि पवित्र त्रैक्याच्या रविवारापर्यंत, गावोगावी तो साजरा होतो. गावातील एखाद्या साध्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या मस्तकी चांदीचा मुकुट ठेवतात. मग पाव, मांसाचा रस्सा आणि द्राक्षारस यांचे सर्वांना वाटप होते. श्रीमंत कोण, गरीब कोण, हे विचारीत नाहीत. या वाटपात इझाबेलाचा तो साधा द्राक्षारस कित्येक पिढ्यांपासून मिसळून गेला आहे. संकटात धावून आलेला, गरिबाच्या सणाला पुरलेला हा वाण. आपल्याच कसोटीप्रमाणे तोही आता घरचा झालेला नाही काय?

ख्रिस्तसभेचा कायदाही येथे विचार करण्यासारखा आहे. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ९२४ वा नियम वेदीवरील द्राक्षारसाविषयी एवढेच सांगतो की तो द्राक्षवेलीच्या फळापासून नैसर्गिक रीतीने झालेला असावा आणि बिघडलेला नसावा. वाण कोणता, घराणे कोणते, हे वेदी विचारीत नाही. मानाचा तेरांतेझ आणि उपेक्षित इझाबेला, दोघांच्याही रसाला तेथे सारखेच स्थान आहे. ज्या वेदीपुढे आपण दर रविवारी उभे राहतो ती वेदीच जर उगमाची चौकशी करीत नसेल, तर कोणाला केवळ बाहेरचा म्हणून खाली बसविण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

मग प्रश्न असा की, जुने वाण राखावयाचे तरी कशासाठी? कारण काही कुटुंबांनी ते राखले, आणि त्यात त्यांना फायदा नव्हता. बहुतेक मळ्यांत इझाबेला आल्यावरही कोठे कोठे कोपऱ्यातल्या कुरालात जुनी वेल तशीच ठेवलेली असे. तेथील गार्सिया कुटुंबाचे उदाहरण घ्या. जुझे दुआर्त गार्सिया यांनी क्रियासाँव व्हेल्या भागातील मळ्यात जुन्या वाणांचा द्राक्षारस जुन्या रीतीने करणे सोडले नाही, आणि त्यांचे पुत्र फॉर्तुनातो यांनी ते काम पुढे चालविले. घड वेलीवरच अति पिकू द्यावयाचे, वरून मद्यार्क मिसळावयाचा नाही, जे आंबते ते आपल्याच साखरेवर आंबू द्यावयाचे. ज्या वर्षी फळ साधत नाही त्या वर्षी त्यांचा 'झार' नावाचा द्राक्षारस होतच नाही. हा व्यापाऱ्याचा हिशेब नव्हे. तेरांतेझची अवस्था तर अशी होती की २०१० च्या सुमारास त्याच्या वेली शंभराच्या आत आल्या होत्या. आंतोनियो मासानिता या द्राक्षारसकाराने त्यांच्या काड्या घेऊन नवी लागवड सुरू केली, आणि २०१४ साली दोन सोबत्यांसह पिकोवर व्यवसाय उभा केला. त्या शंभराच्या आतल्या वेली कोणी तरी उपटल्या नाहीत, म्हणूनच हे शक्य झाले.

या राखणीचे नैतिक कारण आम्हांस असे दिसते. इझाबेला ब्राझीलपासून भारतापर्यंत जगात पुष्कळ ठिकाणी वाढते. पिकोवर ती नाहीशी झाली तर हळहळ वाटेल, पण ती जगातून नाहीशी होणार नाही. तेरांतेझ दो पिको मात्र त्या बेटांवर संपला की सर्वत्र संपला. कोणी राजा, कोणी विद्यापीठ, कितीही पैसा, तो पुन्हा घडवू शकत नाही. जे राखणे दुसऱ्या कोणालाही शक्य नाही, ते राखण्याचे कर्तव्य ज्याच्या अंगणात ते आहे त्याचे. म्हणजे वाणाची प्रतिष्ठा या कर्तव्याचा पाया नव्हे. आपल्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी नाही, हा त्याचा पाया आहे. घरात म्हातारी आई असेल तर जगात याहून थोर स्त्रिया आहेत की नाहीत हे मुलगा पाहत नाही; तिला दुसरा मुलगा नाही एवढे त्याला पुरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी या ऋणाला 'पिएतास' म्हटले आहे. त्यांच्या विवेचनाप्रमाणे परमेश्वरानंतर माणूस सर्वांत अधिक ऋणी असतो तो आईवडिलांचा आणि मायभूमीचा, आणि हे ऋण पूर्णपणे फिटणारे नसते. ऋण हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. 'मी मूळचा' असे म्हणणारा माणूस बहुधा काही मागण्यासाठी हात पुढे करतो. अक्वायनसांच्या दृष्टीने पाहिले तर जो मूळचा, तोच सर्वांत मोठा देणेकरी ठरतो. पवित्र शास्त्रातील नाबोथाने अहाब राजाला आपला द्राक्षमळा विकला नाही, तेव्हा त्याने त्या मळ्याच्या उत्पन्नाचा हिशेब सांगितला नाही. राजा त्याहून चांगला मळा किंवा रोख मोल देऊ करीत होता. नाबोथ एवढेच म्हणाला की हे वाडवडिलांचे वतन आहे. आपण मालक नसून मधला दुवा आहोत, हे त्याला कळले होते.

तथापि येथे दोन सावधगिऱ्या बाळगल्या पाहिजेत, नाहीतर हा विचार गरिबाच्याच पाठीवर ओझे होऊन बसेल.

पहिली ही की भुकेल्या माणसाला वारशाचा उपदेश करू नये. १८५२ नंतर ज्या बापाने जुनी वेल उपटून इझाबेला लावली, किंवा सर्व सोडून बोस्टनचे जहाज धरले, त्याने मुलांच्या तोंडी घास घातला. तो वाडवडिलांशी बेइमान झाला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. राखणीचा भार जर खरोखर सर्वांच्या हिताचा असेल तर तो सर्वांनी उचलला पाहिजे. पिकोवर हे काही अंशी घडले. १९४९ साली तेथील लहान शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापन केली; १९९६ साली मळ्यांच्या प्रदेशाला संरक्षण मिळाले; २००४ साली युनेस्कोने ९८७ हेक्टर क्षेत्र जागतिक वारसा म्हणून नोंदविले, आणि पडक्या भिंती पुन्हा उभारणाऱ्यांना सरकारी साह्य मिळू लागले. त्यानंतर लागवडीखालील क्षेत्र कित्येक पटींनी वाढले आहे. समाजाने हात दिल्यावाचून एकट्या कुटुंबाकडून निष्ठेची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

दुसरी सावधगिरी ही की वारसा कोणाच्या ताटात पडतो ते पाहावे. जुन्या काळी पिकोचे पुष्कळ मळे मठांच्या आणि फायालच्या धनिकांच्या मालकीचे होते. पिकोच्या माणसाने भिंती रचल्या, पिंपे उतारावरून लोटत समुद्रापर्यंत नेली. आणि फायालच्या ओर्ता बंदरातून तो माल जगात गेला तो 'फायालचा द्राक्षारस' या नावाने. राबणाऱ्याचे नावसुद्धा बाटलीवर आले नाही. त्या मालकांत मठही होते, हे आम्हां धर्मगुरूंनी विसरता कामा नये. आज त्या जुन्या वाणांना भारी किंमत येते, याचा आनंदच आहे. पण जी वस्तू राखली तिच्या राखणदाराला ती चाखणेही परवडू नये, असे झाले तर वारसा वाचला आणि वारस हरला असे म्हणावे लागेल. अक्वायनसच सांगतात की मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार एकेकाचा असू शकतो, परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे या भावनेने करावा. पवित्र आत्म्याच्या सणातील त्या वाटपाने हे तत्त्व कोणताही ग्रंथ न वाचता जपले आहे, आणि तेही नाक मुरडलेल्या वाणाच्या साह्याने.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. आपल्या घरांत कोणत्या गोष्टी अशा आहेत की ज्या आपल्या हातून गेल्या तर सर्वत्रच गेल्या? इंग्रजी भाषा आपल्या मुलांनी अवश्य शिकावी. ती आपल्या घराची इझाबेला आहे, तिने पुष्कळांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत, तिचा राग धरण्याचे कारण नाही. ती आपल्यावाचूनही जगेल. पण कादोडी आणि वाडवळी या बोली, त्यांतील लग्नाच्या ओव्या, पाळण्याची गाणी, यांना वसईच्या घरांवाचून आसरा नाही. राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात वाळविण्याची रीत मोजक्या घरांत उरली आहे. बावखल एकदा भरावाखाली गेले की पंपाने वा पैशाने ते परत येत नाही. या गोष्टी इतरांच्या गोष्टींहून श्रेष्ठ आहेत असा दावा आम्ही करीत नाही. त्यांना दुसरा मुलगा नाही, एवढेच आम्ही सांगतो. आणि जो शेतकरी एकट्याने बावखल राखून आहे त्याचे केवळ कौतुक न करता त्याच्या खर्चात गावाने वाटा उचलावा, हेही त्याच न्यायाने येते.

प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरात एक कोपरा असा ठेवावा की ज्याचा हिशेब बाजारभावाने होत नाही. सगळे शेत तसे ठेवता येणार नाही, हे आम्ही जाणतो; पिकोवरही ते कोणी केले नाही. बाकीच्या शेतात जे पिकेल ते पिकवावे, मुलांना शिकवावे, कर्ज फेडावे. त्या कोपऱ्यातील वेल मात्र आपल्या हाताने उपटू नये. तिची फळे आपल्याला मिळतील असे नाही. दीडशे वर्षांनी कोणी काडी मागावयास आला, तर ती त्याला द्यावयास आपल्या वंशजांपाशी काही असावे.